कण एकटा जात नाही

रक्ताचा सीबीसी रिपोर्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात धरलेला असतो. तांबड्या पेशी इतक्या, पांढऱ्या इतक्या, प्लेटलेट इतक्या. डेंग्यूच्या दिवसांत तर घरोघरी त्या शेवटच्या आकड्याकडे डोळे लागलेले असतात. हे आकडे कोणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, एकेक पेशी मोजून काढलेले नसतात. अनेक यंत्रांत रक्त क्षाराच्या पाण्यात पातळ करतात आणि एका बारीक भोकातून ओढतात. भोकाच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड असतात, भोकातल्या पाण्यातून विद्युतधारा वाहत असते. पेशी भोकात शिरली की तिच्या आकाराएवढं पाणी बाजूला सरतं, धारेची वाट तेवढी अरुंद होते आणि धारा क्षणभर उतरते. असे उतार मोजले की पेशी मोजल्या जातात. उतार किती खोल आहे ते पाहिलं की पेशी केवढी आहे तेही कळतं.

ही युक्ती अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांची. 1953 साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. एक भोक, थोडं खारं पाणी आणि धारेची एक रेघ. इतक्या साध्या सामग्रीतून न दिसणारी वस्तू मोजता येते, हे समजलं तेव्हापासून शास्त्रज्ञ एकच प्रश्न विचारत आले आहेत: हे भोक आणखी किती लहान करता येईल?

1970 मध्ये डीब्लोइस आणि बीन या दोघांनी प्लास्टिकच्या पातळ पडद्यात अणुकेंद्रीय कणांच्या माऱ्याने आणि रासायनिक खोदाईने भोकं पाडली आणि मायक्रोमीटरहून लहान गोळे मोजून दाखवले. 1996 मध्ये कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी तर भोक पाडण्याच्या भानगडीत न पडता ते निसर्गाकडूनच घेतलं. स्टॅफिलोकॉकस नावाचा जीवाणू शत्रूच्या पेशीला भोक पाडायला जे प्रथिन वापरतो, त्याच्या जेमतेम दीड नॅनोमीटर रुंदीच्या बोळातून त्यांनी आरएनए आणि डीएनएचे धागे पार नेले. पुढे सिलिकॉन नायट्राइडसारख्या पदार्थांच्या पडद्यांत हव्या त्या मापाची छिद्रं कोरण्याची विद्या हार्वर्ड आणि डेल्फ्टच्या प्रयोगशाळांनी घडवली.

पण भोक लहान होत गेलं तसा एक पेच वाढत गेला. अंधाऱ्या घरात कोणीतरी दारातून गेलं आणि आपल्या कानावर फक्त बिजागरीची करकर आली, अशी ही अवस्था आहे. कण गेला एवढं धारेच्या रेघेवरून कळतं. तो कसा गेला, सरळ गेला की अडखळला, त्याला कोणी ओढलं, कोणी अडवलं, हे काहीच दिसत नाही. आणि दिसणार तरी कसं? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच 400 ते 700 नॅनोमीटर, आणि इथे कण 20 नॅनोमीटरचा. केसाची जाडी भरून काढायला असे सुमारे चार हजार कण ओळीने मांडावे लागतील.

जिथे डोळा पोचत नाही तिथे गणित पाठवावं लागतं. त्या गणिताची गोष्ट मला सांगायची आहे.

एक कण घेऊ. व्यास 20 नॅनोमीटर, पृष्ठभागावर ऋण प्रभार. अशा कणांवर सहज आढळेल इतकी प्रभाराची घनता धरली, म्हणजे दर चौरस मीटरला एक शतांश कूलोम, तर या कणाच्या अंगावर सुमारे 78 इलेक्ट्रॉनांइतका प्रभार बसतो. छिद्र 40 नॅनोमीटर रुंद आणि 100 नॅनोमीटर लांब. दोन्ही बाजूंना पोटॅशियम क्लोराइडचं पाणी. इलेक्ट्रोडांमध्ये अर्धा व्होल्ट, म्हणजे घड्याळातल्या पेन्सिल सेलच्या एक तृतीयांश.

अर्धा व्होल्ट ऐकून हसू येईल. पण तो पडतो कुठे ते पाहायला हवं. यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग छिद्राच्या त्या 100 नॅनोमीटरांतच खर्च होतो. हिशेब केला तर छिद्रातलं विद्युतक्षेत्र भरतं मीटरमागे सुमारे 38 लाख व्होल्ट. हवेत 30 लाखांच्या आसपासच ठिणगी पडते. घड्याळाच्या सेलने पेलावा एवढा दाब, आणि त्या इवल्या बोगद्यात विजेच्या कडकडाटाहून तीव्र क्षेत्र.

एवढ्या जोराने ओढलेला कण गोळीसारखा सुटेल असं वाटतं. तिथे दुसरं नवल आहे. या मापाच्या वस्तूला पाणी मधासारखं, किंबहुना मधाहूनही घट्ट लागतं. आत्ता या क्षणी वीज बंद केली तर ओढीमुळे चाललेला कण अणूच्या रुंदीच्या शंभराव्या भागाइतकंही अंतर न जाता थांबेल. आपल्या जगात सायकलचं पॅडल सोडलं तरी ती थोडी पुढे जाते. त्या जगात जडत्व जवळपास नाहीच. जोवर ओढ आहे तोवरच चाल आहे.

आता कण एकटा आहे असं समजून त्याचा वेग काढू. 78 इलेक्ट्रॉनांच्या प्रभारावर हे क्षेत्र किती बल लावतं आणि पाण्याचं घर्षण किती, हे शाळेच्या वरच्या वर्गातलं गणित आहे. उत्तर येतं सेकंदाला सुमारे 28 सेंटीमीटर. आणि हे उत्तर साफ चूक आहे. साध्या खाऱ्या पाण्यात, म्हणजे लिटरमागे एक दशांश मोल क्षार असताना, खरा वेग येतो साधारण 3 सेंटीमीटर. नऊ भागांतले आठ भाग कुठे गेले?

कण एकटा नव्हता, म्हणून. ऋण प्रभाराचा कण पाण्यात असला की पोटॅशियमचे धन आयन त्याच्याभोवती गोळा होतात आणि क्लोराइडचे ऋण आयन दूर सरतात. दोन्ही मिळून त्या 78 प्रभारांची पुरती भरपाई करतात. कणाभोवती असा एक मेघ तयार होतो. त्याची जाडी पाण्यातल्या क्षारावर अवलंबून असते: एक दशांश मोलला सुमारे 1 नॅनोमीटर, एक सहस्रांश मोलला सुमारे 10. आता गंमत पाहा. क्षेत्र ऋण कणाला धन इलेक्ट्रोडकडे ओढतं, तर मेघातल्या धन आयनांना बरोबर उलट्या दिशेला. हे आयन जाताना भोवतालचं पाणीही आपल्याबरोबर रेटतात. कणाला असं वाटत असणार की आपण वाऱ्याविरुद्ध चालतो आहोत, आणि तो वारा आपल्याच अंगावरच्या प्रभारामुळे सुटला आहे.

विजेने पाणी असं वाहतं हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. मॉस्कोत फर्डिनांड रॉइस यांनी 1809 मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला: ओल्या मातीतून वीज सोडली आणि मातीतलं पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकलं. छिद्राची भिंतही त्या मातीसारखीच वागते. सिलिकाच्या भिंतीवर पाण्यात ऋण प्रभार येतो, भिंतीलगत धन आयनांचा थर बसतो आणि वीज लावली की तो थर सगळं पाणी घेऊन कणाच्या विरुद्ध दिशेला निघतो. भिंतीचा प्रभार कणाहून जोरकस असेल तर कण दारातच अडतो, किंवा चक्क उलटा वाहून जातो.

म्हणजे प्रश्न असा उभा राहतो. आयन कुठे आहेत हे विद्युतक्षेत्रावरून ठरतं, पण क्षेत्र कसं आहे हे आयन कुठे आहेत यावरून ठरतं. पाणी कसं वाहतं हे आयनांच्या ओढीवरून ठरतं, पण आयन कुठे जातात हे पाणी कसं वाहतं यावरूनही ठरतं. आणि कण यांच्या मधोमध सरकतो आहे, सरकता सरकता सगळ्यांची मांडणी बदलतो आहे. एकाचं उत्तर मिळवायला दुसऱ्याचं उत्तर हातात लागतं, दुसऱ्याला तिसऱ्याचं, तिसऱ्याला पुन्हा पहिल्याचं.

यातलं एकेक समीकरण जुनंच आहे. प्रभार कुठे आहेत यावरून विद्युतविभव कसा पसरतो हे सांगणारं समीकरण प्वासाँचं. आयन विसरणाने किती जातात, क्षेत्राच्या ओढीने किती आणि पाण्याबरोबर वाहून किती, याची बेरीज नेर्न्स्ट आणि प्लांक यांची, 1890 च्या आसपासची. पुढे ज्यांनी क्वांटमचं दार उघडलं तेच हे माक्स प्लांक. आणि घट्ट, संथ द्रवाच्या वाहण्याचं गणित जॉर्ज स्टोक्स यांचं, 1851 चं. तिन्ही एकोणिसाव्या शतकातली. पण या तिघांना एकत्र बसवून, मधला कण हलता ठेवून, उत्तर काढणं कागद-पेन्सिलच्या आवाक्यातलं काम नव्हतं.

ते आवाक्यात आलं विमानांमुळे. विमानाच्या पंखावरचा ताण सलग मोजता येईना, तेव्हा टर्नर, क्लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडला आणि शेजाऱ्याशी जुळवला. 1960 मध्ये रे क्लॉ यांनी या रीतीला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं. गणिती रिचर्ड कुरांट यांनी 1943 मध्येच त्रिकोणांच्या तुकड्यांची ही कल्पना मांडून ठेवली होती. तुकडा पंखाचा असो की पाण्याचा, रीत तीच. स्टॉकहोममध्ये 1986 साली सुरू झालेल्या कॉम्सोल या कंपनीने 1998 मध्ये फेमलॅब नावाचं सॉफ्टवेअर आणलं आणि 2005 पासून ते कॉम्सोल मल्टिफिजिक्स या नावाने ओळखलं जातं. वीज, विसरण, प्रवाह अशी वेगवेगळ्या शाखांची समीकरणं एकाच जागेवर, एकाच वेळी, एकमेकांना जोडून सोडवायची हा त्यामागचा विचार. मल्टिफिजिक्स शब्दाचा अर्थ एवढाच. निसर्गाने भौतिकशास्त्राचे विभाग पाडलेले नाहीत, ते आपण अभ्यासाच्या सोयीसाठी पाडले.

संगणकावर आपलं छिद्र उभं करताना पहिली बचत आकाराची असते. कण छिद्राच्या बरोबर मधून चालला आहे असं मानलं तर सगळं दृश्य अक्षाभोवती सारखंच असतं. मग अर्धा छेद काढायचा आणि तो मनाने फिरवायचा, नारळाच्या एका उभ्या छेदावरून अख्खा नारळ ओळखावा तसा. या छेदावर त्रिकोणांची जाळी, म्हणजे मेश, पसरायची. इथे कारागिरी लागते. कणाजवळ आयनांचा मेघ अवघ्या एका नॅनोमीटरचा, म्हणून तिथले त्रिकोण त्याच्याही कितीतरी बारीक हवेत. दूरच्या पाण्यात फारसं काही घडत नाही, तिथे मोठे चालतात. जाळी सगळीकडे बारीक केली तर संगणक थकतो, सगळीकडे जाड ठेवली तर मेघच हातून निसटतो आणि उत्तर दिसायला देखणं पण खोटं येतं.

मग कणाला चालवायचं. जडत्व नाही म्हटल्यावर वेग शोधण्याची रीतही वेगळी आहे. कणाच्या पृष्ठभागावर फिरून विजेची ओढ मोजायची, पाण्याचं घर्षण मोजायचं आणि कोणत्या वेगाला ही सगळी ओढाताण बरोबर शून्य होते ते शोधायचं. तोच त्या क्षणीचा वेग. त्या वेगाने कण अंशमात्र पुढे सरकवायचा. कण सरकला की भोवतालची जाळी रबरासारखी ताणली जाते. फार वाकडी झाली की ती मोडून नवी विणायची, जुन्या जाळीवरची उत्तरं नव्या गाठींवर आणायची आणि पुन्हा पुढचं पाऊल. आपला कण 100 नॅनोमीटरचं छिद्र साधारण 3 मायक्रोसेकंदांत पार करतो. पापणी एकदा लवेपर्यंत एकामागून एक असे लाखभर कण पार होतील. त्या तीन मायक्रोसेकंदांचा पट संगणक शेकडो पावलांत उलगडून आपल्यासमोर ठेवतो.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर ज्या गोष्टीत आहे ती मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

कोल्टर यांचा नियम सांगतो की कण शिरला की धारा उतरते. दाट खाऱ्या पाण्यात तसंच होतं. एक दशांश मोलच्या द्रावणात आपल्या छिद्रातून सुमारे 6 नॅनोअँपिअर धारा वाहते, म्हणजे सेकंदाला 3,900 कोटी आयनांइतका प्रभार. कण मध्ये आला की ती 4 टक्क्यांच्या आसपास उतरते. आता तेच छिद्र, तोच कण, फक्त पाणी शंभरपट पातळ. अशा पाण्यात कण शिरला तर धारा उतरायच्या ऐवजी चढू शकते. वाट अडवणारा आला आणि रहदारी वाढली!

मोजून पाहू. दाट पाण्यात छिद्रात आयनांच्या सुमारे 7,500 जोड्या असतात. कण आपल्या आकारमानाने त्यातल्या सुमारे 250 जोड्यांची, म्हणजे 500 आयनांची जागा खातो. त्याच्या 78 प्रभारांची भरपाई अर्धीअधिक धन आयन जवळ येऊन आणि बाकीची ऋण आयन दूर जाऊन होते, त्यामुळे मेघाने आयनांच्या एकूण संख्येत फारसा फरक पडत नाही. नुकसान 500 चं, म्हणून उतार. शंभरपट पातळ पाण्यात मात्र अख्ख्या छिद्रात जोड्याच असतात सुमारे 75. कण जागा खातो ती अवघ्या अडीच जोड्यांची. पण अंगावरचे 78 प्रभार तेवढेच राहिले, आणि दूर ढकलायला पुरेसे ऋण आयन आता जवळपास नाहीत. मग भरपाईचा मोठा वाटा बाहेरून आलेल्या पोटॅशियम आयनांना उचलावा लागतो. जागा खाऊन जितके आयन घालवतो त्याहून कितीतरी अधिक आयन हा कण स्वतःबरोबर घेऊन येतो.

गावाच्या अरुंद वेशीतून पालखी जाते तेव्हा असंच होतं. बाजाराच्या दिवशी वेस माणसांनी फुललेली असते. पालखी आली की लोकांना बाजूला व्हावं लागतं, गर्दी क्षणभर विरळ होते. भर दुपारी त्याच निर्मनुष्य वेशीतून पालखी गेली तर वेशीत जी गर्दी दिसते ती पालखीनेच आणलेली असते.

हे नुसतं गणितातलं नवल नाही. डेल्फ्टमध्ये 2006 साली स्मीट्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएचे धागे नॅनोछिद्रातून नेताना क्षाराचं प्रमाण टप्प्याटप्प्याने बदललं. दाट पाण्यात धारा उतरत होती. सुमारे 0.4 मोलच्या खाली ती चढू लागली. डीएनएच्या अंगावर प्रभार फार दाट असतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही उलथापालथ इतक्या वरच घडते. त्याच वर्षी तिथल्याच उलरिख कायसर आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या चिमट्यात धरलेल्या मण्याला डीएनए बांधला, त्याचं टोक छिद्रात सोडलं आणि वीज त्याला किती जोराने ओढते ते थेट मोजलं: दर मिलिव्होल्टला 0.24 पिकोन्यूटन. डीएनएवरचा सगळा प्रभार एकटा ओढला गेला असता तर याच्या जवळपास चौपट भरायला हवं होतं. पुढे 2009 मध्ये व्हान डॉर्प आणि सहकाऱ्यांनी छिद्राची रुंदी बदलून पाहिलं, तेव्हा रुंद छिद्रात ओढ कमी भरली. ताणून धरलेल्या धाग्यावर विजेची ओढ तीच. बदललं होतं ते आयनांबरोबर उलटं धावणारं पाणी. वीज आणि पाणी यांची समीकरणं एकत्र सोडवली तेव्हाच मोजमाप आणि गणित जुळलं.

या गणितालाही एक वेस आहे, आणि ती ओळखून असणं हा त्याच्याविषयीच्या आदराचाच भाग आहे. ही समीकरणं पाण्याला सलग मानतात. पाण्याचा रेणू सुमारे 0.3 नॅनोमीटरचा, त्यामुळे 40 नॅनोमीटरच्या छिद्रात शंभराहून अधिक रेणू शेजारी शेजारी मावतात आणि सलगपणाचं गृहीतक टिकतं. जीवाणूच्या त्या दीड नॅनोमीटरच्या बोळात मात्र पाचेक रेणूच उभे राहतील. तिथे पाणी वाहतं असं म्हणण्यालाही फारसा अर्थ उरत नाही. तिथे अणू-अणूचा हिशेब ठेवावा लागतो, आणि 2005 मध्ये इलिनॉय विद्यापीठात अक्सिमेंटिएव्ह आणि क्लाउस शुल्टेन यांनी त्या प्रथिनासाठी सुमारे तीन लाख अणूंचा तो हिशेब मांडला. दुसरी गोष्ट उष्णतेची. पाण्याचे रेणू कणाला सतत ढुशा देत असतात. आपला कण छिद्र पार करेपर्यंत या ढुशांनी बारा-तेरा नॅनोमीटर इकडेतिकडे भरकटू शकतो, आणि भिंत तर त्याच्यापासून दहाच नॅनोमीटरवर आहे. जाळीवरचं गणित जो मार्ग काढतो तो सरासरी मार्ग. प्रत्यक्षातला कण दरवेळी थोडा वेगळा जातो. म्हणून त्या आकस्मिक ढुशाही गणितात घालून तोच प्रवास पुन्हा पुन्हा चालवावा लागतो.

एवढ्या मर्यादा सांभाळूनही हातात काय येतं, ते पाहण्यासारखं आहे. छिद्राच्या आतून बाहेर डोकावल्यासारखं आयनांचं दाटणं, पाण्याच्या रेषांचं वळणं, क्षेत्राचं कणाला वळसा घालणं, सगळं रंगांत उमटतं. छिद्र कोरण्याआधीच ते किती रुंद हवं, भिंतीवर कोणता प्रभार हवा, पाणी किती खारं हवं, हे तपासून पाहता येतं. नॅनोछिद्रातून डीएनए वाचणारी यंत्रं आज तळहातावर मावतात. 2016 मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी असं एक यंत्र अंतराळ स्थानकात चालवून तिथे डीएनए वाचला.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आता ती रेघ वाचता येते. एकच कण दोन पाण्यांतून पाठवा. दाट पाण्यात धारा उतरते आणि तो उतार कणाचा आकार सांगतो. पातळ पाण्यात धारा चढते आणि त्या चढात कणाच्या प्रभाराची खूण असते. सीबीसीच्या यंत्रात पेशी जागा अडवते म्हणून तिची दखल घेतली जाते. इथे, पातळ पाण्यातल्या या चिंचोळ्या वाटेवर, आपल्याला जे ऐकू येतं तो कणाचा आवाज नसतोच. तो असतो त्याच्यासाठी धावून आलेल्या सोबत्यांचा. आणि त्या सोबत्यांच्या गलबल्यावरून पालखीत कोण आहे ते ओळखता येतं.